एक जूनची मुलं

“सर, संगणकाच्या मते हे दोघे एकच आहेत,” अक्षता म्हणाली.

आमोद सरांनी पडद्याकडे पाहिलं. रामदास पोपट ओव्हाळ, जन्म १ जून १९५२. मार्केट यार्डाजवळच्या दवाखान्यातली नोंद. रामदास पोपट ओव्हाळ, जन्म १ जून १९५२. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातली नोंद.

“आणि प्रत्यक्षात?”

“प्रत्यक्षात दोघे बाहेर बाकावर बसून चहा पिताहेत. एकाला पेनिसिलिन चालत नाही. दुसऱ्याला गेल्याच महिन्यात दिलंय. नोंदी जोडल्या गेल्या, तर पहिल्याच्या फाइलमधली सूचना पुसली जाईल.”

२००९ साल होतं. दवाखाना आणि रुग्णालय यांच्या संगणकांना एकमेकांच्या नोंदी दिसाव्यात, रिपोर्टांची पिशवी घेऊन कोणी वणवण फिरू नये, एवढंच काम होतं. अक्षता संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि ही तिची पहिली नोकरी. कोणती नोंद कोणाची हे ठरवायचं गणित तिच्याकडे होतं. महिनाअखेरीस डॉक्टरांची समिती ते तपासणार होती. एक जरी माणूस चुकला, तरी योजना बंद.

“प्रत्येकाला नंबर देऊन टाकू या का?” तिनं विचारलं.

“नंबर लक्षात राहत नाही, कार्ड हरवतं, मोबाईल मुलाचा असतो. वाढदिवस माणूस विसरत नाही.” आमोद सरांचं हे आवडतं वाक्य होतं.

पण या नोंदींतल्या त्रेसष्ट जणांना वाढदिवसच नव्हता. सगळ्यांचा एक जून.

ती बाहेर आली. पेनिसिलिन न चालणारे रामदास उठून उभे राहिले.

“आम्ही सगळे एकाच शाळेतले, ताई. आई नाव घालायला घेऊन गेली. गुरुजींनी विचारलं, कधीचा? आई म्हणाली, सहाचा असंल. गुरुजींनी एक जून लिहून टाकलं.”

“मग खरी तारीख कोणाला ठाऊक असेल?”

“आई तर गेली. गुरुजी आहेत, नारायण पेठेत. त्यांना सगळं ठाऊक असतं.”

“मी चिंचा कोणत्या खिशात लपवायचो तेसुद्धा,” दुसरे रामदास म्हणाले.

शरच्चंद्र गुरुजी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ताठ, स्वच्छ, कानात यंत्र. अक्षतानं त्रेसष्ट नावांची यादी पुढे ठेवली. गुरुजींनी ती नाव घेत घेत, हसत हसत वाचली.

“मला यांच्या जन्मतारखा हव्यात, गुरुजी. खऱ्या.”

“ह्यांना विचारताय?” स्वयंपाकघरातून मंदाकिनीबाई म्हणाल्या. “काल भाजी कोणती होती ते विचारा आधी.”

“लक्षात ठेवण्यासारखी नव्हती,” गुरुजी म्हणाले. मग अक्षताकडे वळले. “तारखा कशाला लागतात?”

तिनं दोन रामदासांची गोष्ट सांगितली, पेनिसिलिनची सांगितली. गुरुजींचं हसू मावळलं.

“म्हणजे मी लिहिलेल्या एका ओळीनं माणूस जाऊ शकतो.”

“दोष तुमचा नाही, गुरुजी. पण एकच तारीख असली, की संगणकाला माणसं वेगळी ओळखता येत नाहीत.”

“अस्सं.” त्यांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. “मला आठवडा द्या.”

आठवड्यानं यादी तयार होती. सुंदर वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. एका रामदासांना सतरा मार्च मिळाली, दुसऱ्यांना नऊ ऑक्टोबर. अक्षतानं सगळ्या तारखा संगणकात भरल्या. त्रेसष्ट माणसं, त्रेसष्ट तारखा, एकही दोनदा आलेली नाही. तिला फार बरं वाटलं.

दवाखान्यात एकेकाला बोलावून तारीख सांगितली, दोन्हीकडे हीच सांगायची असं बजावलं. कोणी हरकत घेतली नाही. गुरुजींनी सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. वेणूबाईंनी तर आपली तारीख ऐकून पदर डोळ्याला लावला. “थंडीतली होय मी!” त्या म्हणाल्या.

समितीनं तीन दिवस गणित तपासलं. एकही माणूस चुकला नाही.

जानेवारीत पेनिसिलिन न चालणारे रामदास तापानं फणफणून मोठ्या रुग्णालयात गेले. बोलण्याचीही ताकद नव्हती. बायकोनं नाव सांगितलं आणि सतरा मार्च सांगितली. डॉक्टरांच्या पडद्यावर लाल ओळ उमटली: पेनिसिलिन नको. आठव्या दिवशी ते चालत घरी गेले, आणि मार्चमध्ये त्यांनी आयुष्यातला पहिला केक कापला. अख्खी गल्ली जेवायला होती.

दुसऱ्या दिवशी अक्षता पेढे घेऊन नारायण पेठेत गेली. गुरुजींनी सगळं ऐकलं. “वाचला ना? बास,” म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. त्यांनी दुसरा उचलण्याआधी मंदाकिनीबाईंनी डबा सरकवला.

“गुरुजी, एक विचारू? पन्नास वर्षांपूर्वीच्या इतक्या तारखा तुम्ही जपून कशा ठेवल्या? कुठे लिहिल्या होत्या?”

“लिहिल्या कुठल्या?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “तेव्हा दारात रांग लागली होती, म्हणून सगळ्यांना एकच दिली. या खेपेला सवड होती, प्रत्येकाला वेगळी दिली.”