वेगाचा काटा

पुढे वैमानिक लेक, मागे तिची आई, म्हणजे गाणं शिकवणाऱ्या बाई. उघडं चिमुकलं विमान झाडांच्या शेंड्यांवरून रमतगमत चाललेलं. खाली वाळणाऱ्या चादरी बाई खुशीत मोजत होत्या. एवढ्यात लेक ओरडली, “आई, वेगाचा काटा हलेना! तुझा पट्टा बांधण्याच्या नादात वेग मोजणाऱ्या हवेच्या नळीवरचं फडकं काढायचं राहिलं. उतरताना वेग कमी पडला, तर दगडासारख्या पडू.” डोळे गच्च मिटून बाई देवाचं नाव घेऊ लागल्या. उतरण्यासाठी लेकीने इंजिन मंद केलं, तसा पंखांच्या तारांमध्ये गुणगुणणारा वारा ऐकू आला. बाई दचकून ओरडल्या, “अगं, सूर घसरतोय! वेग वाढव!” लेकीने विमान खाली झुकवलं. “आता?” “हां, सूर चढला! एवढाच धर!” चाकं गवतावर दणदणली. लेक रडू लागली. “पाणी पी, ते फडकं काढ, परत उडव,” बाई म्हणाल्या. “डोळे मिटले होते, अर्धं बघायचं राहिलं.”