तिसरा पडदा
वायदेबाजारात कापसाचा भाव मिनिटामिनिटाला कोसळत होता आणि दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात लॅपटॉपला जोडलेला तिसरा पडदा काळाठिक्कर होता. “पोर्टच गेलं शेठ, लॅपटॉप बदला,” यवतमाळहून आलेला मेकॅनिक म्हणाला. शेठची दहावीतली लेक उर्वशी पुढे सरसावली. “बाबा, मी लावून दाखवला तर तुमच्या गादीवर बसू देसान?” “बस ना मंग!” बाबा हसले, मेकॅनिकही खो-खो हसला. तिनं लॅपटॉप बंद केला, केसांतली पिन काढली आणि वायर उपसून लॅपटॉपच्या खाचेत हळूच फिरवली. आतून दाबून बसलेला कापसाचा पुंजका निघाला. वायर खट्कन बसली. लॅपटॉप सुरू होताच तिन्ही पडदे लखलखले. वायदा, दिग्रस, घाटंजी, सगळे भाव एका नजरेत! “घ्या काका, आमच्या दिग्रसचा व्हायरस!” तिनं पुंजका मेकॅनिकच्या हातावर ठेवला. बाबा मग उठले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं लेकीसाठी गादी झटकली.