कोणाच्या आदेशावरून

त्या पत्राला कुलूपकाकांनी उत्तर दिलं नाही, त्याला अकरा वर्षं झाली. चारच ओळी होत्या. बॉयलरच्या स्फोटात गेलेल्या ऑपरेटरच्या बायकोच्या. 'सगळे म्हणतात, चूक यांचीच होती. अहवाल तुमच्याकडे आहे. खरं काय ते कळवा.' अहवाल गोपनीय होता. काकांनी पत्र खणात सारलं. तेव्हापासून तो खण ते शक्यतो उघडत नसत.

आज कारखान्यासाठी विकी सॉफ्टवेअर निवडायचं होतं. सगळ्या विभागांचे कागद एके जागी, पण ज्याचे त्यालाच दिसतील असे. शेवटी दोन सॉफ्टवेअर उरली होती. परीक्षक काका. तीस वर्षं त्यांनी दफ्तर सांभाळलं होतं. कुलूपकाका हे नाव काही उगीच पडलं नव्हतं.

"तुमच्याकडचा सगळ्यात गुपित कागद द्या," संगणक विभागाच्या बाई म्हणाल्या. "काकूंपासून लपवलेला नको, कारखान्याचा."

काकांनी तोच अहवाल दिला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिल्या सॉफ्टवेअरने पान एका टिचकीत बंद केलं. दुसऱ्याने आधी यादी दाखवली: हे पान कोणाला दिसेल. तीन नावं. साहेबांचं, काकांचं आणि बॉयलर विभागातलं एक.

"हे तिसरे कोण? घ्या ना बोलावून, चाचणीला बरे पडतील."

"ते येणार नाहीत," काका म्हणाले.

चाचणीसाठी जुना हजेरीपट त्यांनीच दिला होता. गेलेल्या माणसाचं नाव त्यातून कोणी काढलंच नव्हतं. स्वतःच्या मरणाचा अहवाल वाचायची त्याला मुभा होती. बायकोला नव्हती.

बाईंनी पुढची चौकट उघडली. 'कोणाच्या आदेशावरून बंद?'

"हे भरल्याशिवाय कुलूप लागत नाही. नाव सांगा, काका."

"साहेबांचा आदेश असेल. बघतो."

काकांनी फाइल पुढून चाळली, मग मागून. ऑपरेटरच्या हातच्या तीन तक्रारी निघाल्या: व्हॉल्व्ह अडकतो, बदलून द्या. आदेश मात्र निघाला नाही. तो कधी नव्हताच. पहिल्या पानावर 'गोपनीय' असा शिक्का होता आणि त्याखाली काकांची सही. कोणी काही म्हणायच्या आधीच, नेहमीच्या सवयीने त्यांनीच मारलेला शिक्का.

"काका? काय लिहू?"

"हेच सॉफ्टवेअर घ्या," ते हळूच म्हणाले. "आणि हे पान उघडं राहू दे."

जेवणाच्या सुट्टीत ते टपालपेटीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग पाकीट आत सोडलं. त्यात अहवालाची प्रत होती, तीन तक्रारी होत्या आणि दोन ओळी: 'वहिनी, चूक त्यांची नव्हती. आणि गप्प बसायला मला कोणीही सांगितलं नव्हतं.'