शांत चेहरा

आजींच्या कानातून आलेलं रक्त मानेपर्यंत ओघळून वाळलं होतं. मावशींनी कापूस कोमट पाण्यात बुडवला, पिळला आणि मानेपासून वर पुसत आल्या.

"लेक निघालीय म्हणे," त्या आजींना म्हणाल्या. "अशा अवतारात भेटणार का तिला?"

शवागारात मावशींचं काम तसं थोडकंच. वॉर्डातून आलेल्याची नोंद करायची आणि नातेवाईक आले की सही घेऊन ताब्यात द्यायचं. चेहरा पुसा, केस विंचरा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कापूस वॉर्डातून मागून आणलेला, कंगवा घरचा. शेवटचं बघायला आलेला माणूस तोच चेहरा जन्मभर मनात घेऊन फिरतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडून होईल तेवढं करावं, एवढाच त्यांचा हिशेब.

डाव्या कानामागे बोटांना टेंगूळ लागलं. मोठं होतं. मावशींचा हात थांबला. वॉर्डातून आलेल्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. मग त्यांनी भांग जरा बाजूला घेतला आणि केस कानावरून मागे बसवले. आता काही दिसत नव्हतं. लाल झालेलं पाणी मोरीत ओतून त्यांनी हात धुतले.

दहाच्या सुमाराला लेक आली. प्रवासातली बॅग अजून खांद्यालाच होती. तिच्यामागून खुद्द मोठे डॉक्टर जिना उतरून आले, तेव्हा मावशी गडबडून उभ्या राहिल्या. रुग्णालयाचा सगळा कारभार या माणसाच्या हातात, पण ते इथे खाली आलेले मावशींनी कधी पाहिले नव्हते.

"शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला फोन केला," लेक डॉक्टरांना सांगत होती. "पहाटे धाडकन आवाज आला म्हणाल्या. खाटेचा कठडा लावलेलाच नव्हता. आई पडलीय. मला शवविच्छेदन करून हवंय."

"तुमचा हक्क आहे तो. मी नाही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "फक्त आधी एकदा आईंना बघून घ्या."

त्यांनी मावशींना मानेनंच खूण केली. मावशींनी चादर बाजूला केली.

लेक भांडायच्या तयारीने आली होती. ती नुसतीच बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"झोपल्यासारखी दिसतेय," ती म्हणाली.

"पडलेल्या माणसाचा चेहरा असा असतो का?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "आणि चिरफाड झाल्यावर तो असा राहणार नाही. तेवढा विचार करा."

लेक मावशींकडे वळली. "मावशी, आई इथे आणली तेव्हा अशीच होती?"

डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"चेहरा तेवढा पुसला मी," मावशी म्हणाल्या.

"कुठे काही लागलेलं वगैरे?"

मावशींनी चादरीची घडी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"शांत होत्या हो अगदी," त्या म्हणाल्या.

लेकीने डोळे पुसले. "नको मग," ती म्हणाली आणि डॉक्टरांनी पुढे केलेल्या, शवविच्छेदन नको असल्याच्या कागदावर सही केली.

लेक गाडी बघायला बाहेर गेली. डॉक्टर मात्र थांबले.

"इतकी वर्षं तुम्ही हे करताय आणि आम्हाला पत्ताच नाही," ते म्हणाले. "नेमून दिलेलं काम कुणीही करतं, मावशी. त्यात स्वतःचं काही घालणारी माणसं कुठे मिळतात? वर्धापनदिनाला तुमचा सत्कार करू. असंच करत जा. सगळ्यांचंच करत जा."

असं कुणीतरी म्हणावं, अशी मावशींना फार वर्षांची हौस होती. त्या "बरं" म्हणाल्या.

आजींना गाडीत ठेवलं. लेक आत चढता चढता मागे फिरली आणि तिने मावशींचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही नसतात तर मी वेड्यासारखी भांडत बसले असते. आईच्या अंगावर सुरी चालवायला लावली असती मी. तुमचे उपकार कसे फेडू?"

मावशींना हात सोडवून घ्यायचे होते. ती सोडत नव्हती.

"ताई," मावशी म्हणाल्या, "कानातून रक्त आलं होतं. डाव्या. मागे टेंगूळ आहे. केसांखाली."

लेकीला आधी कळलंच नाही. ती तशीच हात धरून उभी होती. मग तिने एक हात सोडला, थोड्या वेळाने दुसरा.

"आता सांगताय?"

"हो."

"सही झाल्यावर?"

लेकीने वर, इमारतीच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग ती गाडीत चढली. आईच्या डोक्याशी बसून तिने तिच्या केसांकडे हात नेला. कानाजवळ येऊन तो हात थांबला. ती बराच वेळ आईचा चेहरा बघत राहिली. हात तिने मागे घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"चला," ती ड्रायव्हरला म्हणाली.

ड्रायव्हर दार लावायला आला. तेव्हा तिने मान वर करून मावशींकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आणि हे जे सांगितलंत, ते आता मी कुठे ठेवू?"

ड्रायव्हरने दार लोटलं. ते नीट लागलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा उघडलं आणि जोरात आपटलं.