एकदा ब्रेक, दोनदा सोड

"आवाज चढवू नका," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्याच क्षणी टेबलाखाली त्याच्या बुटावर एक पाय पडला. एकदाच.

तो गप्प झाला. खूण कालच ठरली होती. तो बस चालवायचा. रस्त्यावर शांत, पण बोलायला लागला की आवरायचा नाही. म्हणून बायकोने त्याच्याच भाषेत समजावलं होतं, "अहो, पाय एकदा दाबला की ब्रेक. दोनदा दाबला की सोडा गाडी." स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तालीमही झाली. बायको मुख्याध्यापिका झाली, तो स्वतःच झाला, तरी चुकलाच.

आज मात्र सगळं अचूक चाललं होतं.

त्यांची मुलगी बोलत नसे. मांजरीसारखी कायम टेबलाखाली सापडे, म्हणून घरात तिला मनी म्हणत. आत्ताही ती तिथेच होती. शाळेला तिला वर्गातून काढून वेगळ्या शाळेत पाठवायचं होतं.

"पाहा ना," शाळेचे मानसतज्ज्ञ खाली बोट दाखवत म्हणाले, "इथे काय बोलणं चाललंय, तिला पत्ताही नाही. वर्गात बसून काय करणार ती?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ब्रेक! त्याने पाण्याचा घोट गिळला. सगळे थांबले, तसा पाय दोनदा पडला. गाडी सुटली. बाकावरच्या शेजारणीचं खोडरबर पडलं की मनीच आधी उचलून देते, फळ्यावर बाईंचं गणित चुकलं की खुदकन हसते... तो स्वतःवरच खूश होऊन पाल्हाळ लावणार, तोच पुन्हा ब्रेक.

"काय टायमिंग आहे गं तुझं!" तो न राहवून बायकोला म्हणाला.

"माझं?" ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. "अहो, माझा पाय पोचतोय का तिथवर?"

मुख्याध्यापिकांनी घसा खाकरला.

"तरीही, नियमाप्रमाणे तिला..." त्या दचकल्या. "कुणीतरी माझा पाय दाबला!"

"एकदा की दोनदा?" बायकोने विचारलं.

"एकदा."

"मग ब्रेक आहे, मॅडम," तो म्हणाला. "दोनदा दाबला की बोलायचं."

मानसतज्ज्ञ चष्मा पुसू लागले. मुख्याध्यापिकांनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून सांडलंच. त्या मुकाट थांबल्या. चांगल्या थांबल्या. मग एकदम ताठ बसल्या.

"आता दोनदा," त्या म्हणाल्या. "मनी याच वर्गात बसेल. टेबलाखाली बसली तरी."