आश्रुबाचा सांगावा

आश्रुबा वेशीत दिसला, आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच सुंदरराव पाटलाच्या घरात आकांत सुरू झाला.

चूक गावाची नव्हती. रीतीची होती, आणि रीत चुकत नाही असे गाव मानत असे. कोणी मेले की ती खबर परगावच्या सोयऱ्यांना पोचवणे आणि बाहेरची गावात आणणे हे महारांचे काम. आश्रुबाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेच केले होते. लग्नाचे बोलावणे, बारशाची साखर दुसऱ्यांच्या हाती जाई; आश्रुबाच्या तोंडी फक्त मरण. दुरून त्याची काठी दिसली की बायका पदर तोंडात धरीत. म्हणून आज तो मुद्दाम काठी खोपीत ठेवून आला होता. गावाला काठीची गरज नव्हती. चेहरा पुरेसा होता.

त्यातून साल प्लेगचे. पाटलाचा मुलगा त्रिंबक घाटनांदूरहून परतताना तापला, काखेत गाठ आली, आणि सोबत्यांनी त्याला वाटेवरच एका बाभळीखाली उतरवून बैल पिटाळले. गावच्या शहाण्यांनी निवाडा दिला की असा रोगी आत आणणे धर्माला आणि प्रकृतीला सारखेच घातक. बापाने मान डोलावली. तेव्हापासून हे घर आश्रुबाचीच वाट पाहत होते.

"जित्ता हाय!" आश्रुबा ओरडत दारापर्यंत आला. रडणाऱ्या घराला फक्त आपलाच आवाज ऐकू येतो.

उघड्या दारातून चौक दिसत होता. त्रिंबकची बायको छबुबाई भिंतीशी बसली होती. न रडणारी ती एकटीच होती. तिची सासू वत्सलाबाई दगड घेऊन तिच्या बांगड्यांपाशी वाकली होती. एकदा फुटलेल्या बांगड्या त्या घरात पुन्हा भरल्या जात नसत. नंतर नवरा स्वतः दारात येऊन उभा राहिला असता, तर त्यालाच भूत ठरवणे सर्वांना सोयीचे गेले असते.

आश्रुबा दारातच थबकला. बाप्तिस्मा घेतला म्हणून याच पाटलाने त्याला शिवाराच्या टोकाला हाकलले होते. "तुज्या येशूचं नाव येशीच्या आत काढलंस, तर जीभ हातात देईन बे." राज्य निजामाचे होते, पण कायदा हैदराबादेत राही; गावात पाटील राहत असे. केजच्या बाजारात भेटलेल्या प्रचारकाने सांगितले होते की सुवार्ता म्हणजे प्रवचन नव्हे. भ्यालेल्या शेजाऱ्याला दिलेला धीराचा एक शब्दही पुरतो. तो एक शब्द वर्षभर आश्रुबाच्या घशात अडकून होता. शेजाऱ्याहून जास्त भ्यालेला तो स्वतःच होता.

वत्सलाबाईचा हात वर गेला.

आश्रुबाने उंबरा ओलांडला. त्याच्या रक्ताच्या कोणीही तो कधी ओलांडला नव्हता. दगड खाली आला तेव्हा बांगड्यांवर त्याचा पंजा होता.

बोटे मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. रडणे थांबले.

"भिऊ नगंस, माय," तो कण्हत म्हणाला. "ताप उतरला. गाठ फुटली. आज त्यानं पेज मागून घेतली."

वत्सलाबाईच्या हातून दगड गळून पडला. कोणीतरी देवाला हात जोडले. सुंदरराव मात्र सुनेच्या मनगटाकडे पाहत होता, जिथे महाराचा हात अजून टेकलेला होता.

"कुटं हाय त्यो?"

"माज्या खोपीत, पाटील."

"पाणी कोणी पाजलं?"

एक खोटे पुरेसे होते: एखादा वाटसरू, एखादा गोसावी, कोणीही. नव्या धर्माने आश्रुबाला धीर फारसा दिला नव्हता. खोट्याची सोय मात्र काढून घेतली होती.

"बायनानं. माज्या बायकूनं. दुसरं कोणी जवळ आलंच न्हाई. ती पाणी पाजायची, आन् मी येशूला हाका मारायचो."

नाव नुसते वेशीच्या आत नव्हे, पाटलाच्या देवघरासमोर उच्चारले गेले होते. आश्रुबा डोळे मिटून उभा राहिला. पण पाटील संतापी नव्हता, तर्कशुद्ध होता. महाराच्या घरचे पाणी प्यालेला मुलगा घरात घेता येत नाही. मेलेला मुलगा घ्यावा लागत नाही.

तो बायकांकडे वळला.

"कावून थांबल्या? रडा."

कोणी हलले नाही. मग वत्सलाबाईने, मान वर न करता, पुन्हा दगडाकडे हात नेला.

छबुबाई उठली. तिने पदराची किनार फाडली आणि आश्रुबाच्या मोडलेल्या बोटांवर घट्ट गुंडाळली. प्रत्येक वेढ्याबरोबर तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"भिऊ नका, दादा," ती म्हणाली. "वाट दावा."

तिला कोणी अडवले नाही. विटाळलेल्या बाईला अडवायचे तर शिवावे लागते. मागे रडणे पुन्हा सुरू झाले, रीतीप्रमाणे, त्रिंबकच्या नावाने. ती वेशीबाहेर पडली तेव्हा त्यात तिचेही नाव आले.