दुसरा कागद

शनिवारी कानाझावातल्या कागदाच्या दुकानात, ओसाकाहून आलेल्या चिझुरुसोबत, तिचे वडील पाऊण तास रमले होते. दुकानदाराकडून जाड निबचं शाईपेन मागून ते एकेका कागदावर लिहून बघत, मग कागद उलटून शाई मागे उमटली का ते पाहत.

"बाबा, मला पत्रात चार ओळी लिहिता आणि सोबत दुसरा कागद कोराच घालता. त्या कोऱ्याचीही एवढी परीक्षा?"

"एकाच कागदाचं पत्र दुखवट्याला धाडतात, बाई. तुम्हा ओसाकावाल्यांना रीतभात कुठली?"

रविवारी सकाळी ते झोपेतच गेले.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे बौद्ध विधी आटोपल्यावर आई म्हणाली, "रीत आपली निमित्ताला. त्यांचं पेन सुईसारखं बारीक, त्याला कुठलाही कागद चालायचा. जाड निब तुझ्या पेनाची. उत्तर लिहिताना तुझी शाई फुटू नये, म्हणून तो कोरा कागद पारखून घालायचे."

चिझुरु वडिलांच्या फोटोपुढे जाऊन बसली.



"बाबा, कागद फार छान होते. मी त्यांवर वाणसामानाच्या याद्या केल्या."